लहान विमानाच्या खिडक्या: बदली ॲक्रिलिक कापणे, घासणे आणि चौकटीत बसवणे

कानस (धागाकर्ता)

सेसना १५२, सेसना १७२ किंवा पायपर चेरोकी यांसारख्या लहान विमानांच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या असतात आणि विमानाच्या आयुष्यात त्या कधी ना कधी बदलाव्या लागतात. उन्हाने त्या पिवळट पडतात, कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे त्यांच्यावर चरे उमटतात, कडेने केसासारखे बारीक तडे दिसू लागतात आणि शेवटी तपासणीत त्या बदलण्याचा शेरा येतो. बदली खिडकी मागवली तरी ती आली तशी बसत नाही. उत्पादक ती बहुधा सर्व बाजूंनी थोडी मोठी ठेवून पाठवतात, कारण एकाच मॉडेलच्या दोन विमानांच्या चौकटीसुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. आपल्या विमानाच्या चौकटीबरहुकूम ती कापून, घासून बसवायची असते, आणि नवी कोरी खिडकी वाया जाते ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर. धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती येथे प्रशिक्षणाची विमाने आहेत, नाशिकला विमानाचे पत्रेकाम जाणणारी माणसे पुष्कळ आहेत, तरीही या कामाविषयी मराठीत लिहिलेले फारसे आढळत नाही. म्हणून हा धागा काढला आहे.

माझा मुख्य मुद्दा आधी मांडतो. खिडकी चौकटीत घट्ट बसली म्हणजे काम चांगले झाले, ही समजूत सोडून द्यावी लागते. एक मीटर लांबीचे ॲक्रिलिक तापमान एका अंशाने वाढले की सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढते, तर तेवढेच ॲल्युमिनियम सुमारे ०.०२३ मिलिमीटरने, म्हणजे ढोबळमानाने एकतृतीयांश. चौकट ॲल्युमिनियमची आणि तिच्यातले तावदान ॲक्रिलिकचे असल्यामुळे ऊन-थंडीबरोबर दोघे वेगवेगळ्या मापाने वाढतात आणि आक्रसतात. तावदानाला कडेने जागा नसेल तर ते वाढून कुठे जाणार? ते मध्ये फुगते, त्याच्या कडेवर ताण येतो आणि त्या कडेवर करवतीची एखादी बारीक खाच राहिलेली असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. आपल्या नाशिकला जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो. धावपट्टीलगत उन्हात उभ्या असलेल्या विमानाचे अंग तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. त्यामुळे फट किती ठेवायची हे ठरवताना त्या दिवशी थर्मामीटर काय सांगतो, हे पाहिलेच पाहिजे.

आता कामाचा क्रम सांगतो. जुनी खिडकी काढताना ती फोडून काढू नये. आधी आतले अस्तर आणि पट्ट्या सोडवाव्यात, रिवेट असतील तर डोके ड्रिलने काढून दांडा हलक्या हाताने बाहेर ढकलावा आणि प्रत्येक पट्टी कोणत्या बाजूची आहे ते तिच्यावर लिहून ठेवावे. खोबणीतले जुने सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लगदा, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. लोखंडी पाते वापरले तर ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि गंजाला वाट मिळते. खोबण रिकामी झाली की तिचा तळ नीट तपासावा, कारण वर्षानुवर्षे पाणी धरून ठेवलेल्या फेल्टखाली (खोबणीतल्या नमद्याच्या पट्टीखाली) पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, हमखास सापडतो. तो साफ करून प्रायमर दिल्याशिवाय नवी खिडकी आणूच नये. हे काम अनेकदा खिडकीपेक्षा जास्त वेळ खाते, पण ते करण्याची संधी पुन्हा बऱ्याच वर्षांनी येते.

त्यानंतर साचा. साचा जाड पुठ्ठ्याचा करावा आणि तो चौकटीवरून घ्यावा, जुन्या खिडकीवरून नव्हे. जुनी खिडकी आधी कोणी कशी कापली होती, तिच्या एका कोपऱ्यात फट जास्त ठेवून सीलंटने भरली होती का, हे आपल्याला माहीत नसते. साचा चौकटीत बसवून सर्व बाजूंनी हवी ती फट मिळते का ते पाहावे आणि मगच तो नव्या तावदानावर ठेवून रेघ मारावी. तावदानावरचा संरक्षक कागद काढू नये, रेघही त्याच कागदावर मारावी. फक्त असा कागद लावलेले तावदान उन्हात ठेवून देऊ नये, कारण उन्हात तापून तो चिकटून बसतो आणि मग सुटता सुटत नाही.

कापताना रेघेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावे आणि उरलेले घासून आणावे. बारीक दातांचा बँडसॉ (पट्ट्यासारख्या पात्याची यंत्रकरवत) किंवा हवेवर चालणारी पातळ अपघर्षक चकती उत्तम. तावदान खालून सर्वत्र आधारलेले असावे, ते थरथरले की कड उडालीच म्हणून समजावे. घासायला आधी सपाट कानस, मग १५०, २२०, ३२० आणि शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर. कागद कडेच्या लांबीच्या दिशेने फिरवावा, आडवा फिरवला की प्रत्येक ओरखडा ही तड्याची सुरुवात ठरते. कोपरे गोलाकार ठेवावेत आणि दोन्ही बाजूंच्या धारा किंचित मोडाव्यात. दर दोन-चार हातांनंतर तावदान चौकटीत लावून पाहावे. काढलेले परत लावता येत नाही, एवढे ध्यानात ठेवले की हात आपोआप सावकाश चालतो.

आपले अनुभव आणि दुरुस्त्या अवश्य लिहाव्यात.

उड्डाणवही

कानस सर, मी वैमानिक प्रशिक्षण घेत आहे आणि आमच्या विमानाच्या मागच्या खिडकीला कोपऱ्यात असेच केसासारखे तडे आहेत. दोन प्रश्न विचारतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत ॲक्रिलिकची कितीतरी दुकाने आहेत, हव्या त्या जाडीची शीट तिथे मिळते आणि लेसरने हव्या त्या आकारात कापूनही देतात. मग परदेशातून महागडी खिडकी का मागवावी? आणि हे काम विमानाचा मालक स्वतः करू शकतो का?

सातपूरचा कारागीर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या धंद्यातले असल्यामुळे मी देतो. मी फलक, ट्रॉफी आणि यंत्रांवरची झाकणे बनवतो, विमानाचे काम कधी केलेले नाही, पण ॲक्रिलिक रोज हाताखालून जाते.

बाजारात दोन प्रकारची शीट असते. एक साच्यात ओतून बनवलेली, जिला आम्ही कास्ट म्हणतो, आणि दुसरी यंत्रातून दाबून काढलेली एक्स्ट्रुडेड. दिसायला दोन्ही सारख्याच स्वच्छ, पण एक्स्ट्रुडेडमध्ये मुळातच ताण कोंडलेला असतो आणि स्पिरिट किंवा थिनर लागताच ती कडेने तडकते. ती स्वस्त असते आणि गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून सर्रास तीच खपते.

लेसरविषयी तर मी स्पष्ट सांगतो की तो फलकासाठी ठीक आहे, खिडकीसाठी नाही. लेसर ॲक्रिलिक वितळवून कापतो. कड आरशासारखी चमकते, पण वितळून पुन्हा घट्ट झालेल्या त्या पातळ थरात ताण अडकून राहतो. लेसरने कापलेल्या तुकड्याची कड नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पाहावी, काही वेळातच तिच्यावर बारीक रेघांचे जाळे उमटते. गॅसच्या ज्योतीने कड चमकवण्याची जी पद्धत आमच्याकडे आहे, तिचेही तेच. अशी कड वापरायचीच असेल तर तो तुकडा भट्टीत सुमारे ८० अंशांवर काही तास ठेवून सावकाश थंड करावा लागतो, आणि इतका खटाटोप करणारे दुकान क्वचित सापडते. कानस साहेबांनी सांगितलेली कानस आणि पॉलिश पेपरची वाट लांबची असली तरी तीच खरी आहे. विमानाच्या खिडकीची कड खोबणीत झाकली जाते, ती चमकली काय आणि न चमकली काय!

कानस

कारागीर साहेब, आपण लेसरचा मुद्दा आणलात हे फार बरे झाले. चमकदार कड पाहून भले भले फसतात.

उड्डाणवही, विमानाच्या खिडकीचे ॲक्रिलिक ठरावीक मानकाचे असावे लागते. साध्या कास्ट शीटसाठी एमआयएल-पी-५४२५ आणि तडे जाण्याला अधिक प्रतिकार करणाऱ्या शीटसाठी एमआयएल-पी-८१८४, ही जुनी अमेरिकी मानके आजही या धंद्यात बोलली जातात. दुकानातली कास्ट शीट कदाचित तितकीच चांगली असेलही, पण ती तशी आहे हे दाखवणारा कागद तिच्याबरोबर येत नाही. विमानात बसणाऱ्या प्रत्येक वस्तूला तिचे मूळ दाखवणारा कागद लागतो. अमेरिकेतून येणाऱ्या खिडकीबरोबर एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा, ८१३०-३ हा फॉर्म यायला हवा. तो नसेल तर खिडकी कितीही सुंदर असली तरी ती विमानाला लावता येत नाही. शिवाय बऱ्याच खिडक्या सपाट नसतात. त्या तापवून, फुगवून विशिष्ट वळणात घडवलेल्या असतात, आणि सपाट शीट जबरदस्तीने वाकवून खोबणीत कोंबली तर ती जन्मभर ताणातच राहते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. अमेरिकेत नियमावलीच्या ४३ व्या भागाच्या परिशिष्टात वैमानिक-मालकाने करण्याजोग्या किरकोळ कामांची यादी आहे, आणि तिच्यात बाजूच्या खिडक्या बदलण्याचा समावेश आहे. अट अशी की त्या कामाने विमानाच्या सांगाड्याला किंवा कोणत्याही यंत्रणेला धक्का लागता कामा नये. समोरची काच त्या यादीत नाही. हे वाचून आपल्याकडेही तसेच चालेल असे समजू नये. प्रशिक्षण संस्थेचे विमान असेल तर डीजीसीएची, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाची, मान्यता असलेल्या देखभाल संस्थेत काम व्हावे आणि योग्य परवाना असलेल्या अभियंत्याने, पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी बी१.२ वर्गाच्या, ते तपासून सेवेत सोडण्याचे प्रमाणपत्र द्यावे. त्यांच्या देखरेखीखाली हाताला काम शिकता येते, आणि विद्यार्थी वैमानिकाने ते जरूर शिकावे.

दारणाकाठ

मी नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करून निवृत्त झालो. १९६४ मध्ये मिग-२१ साठी सुरू झालेल्या त्या कारखान्याने नाशिकला पत्रेकामाची आणि मोजमापाची जी शिस्त दिली, तिच्या आधारावर दोन गोष्टी नोंदवतो. त्यातली एक कानस यांच्या म्हणण्याला पूरक आहे आणि दुसरी थोडी विरोधात.

पूरक गोष्ट आकड्यांची. ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनियम यांच्या प्रसरणातला फरक दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०४७ मिलिमीटर. ६०० मिलिमीटर लांबीची बाजूची खिडकी जानेवारीत १२ अंशांना बसवली आणि मेमध्ये उन्हात ती व चौकट ६० अंशांपर्यंत तापली असे धरले, तर ४८ अंशांच्या फरकाने खिडकी चौकटीपेक्षा सुमारे १.३५ मिलिमीटरने जास्त वाढेल. समोरची काच ११०० मिलिमीटरची धरली तर हाच आकडा सुमारे अडीच मिलिमीटरवर जातो. दोन्ही टोके मिळून एवढी जागा आधीपासून नसेल, तर ती तडा जाऊनच निर्माण होईल.

विरोधातली गोष्ट अशी की "फट ठेवा, फट ठेवा" असे ऐकून नवा माणूस खिडकी फार लहान कापतो, आणि ते तितकेच वाईट आहे. मेमधल्या दुपारी ४० अंशांत बसवलेली तीच खिडकी जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर चौकटीच्या मानाने सुमारे ०.८५ मिलिमीटरने आक्रसते. कड खोबणीत आधीच जेमतेम अडकलेली असेल, तर आक्रसल्यावर आणि वर हवेचा दाब व ओढ आल्यावर तिचा खोबणीतला आधार आणखी घटतो. म्हणून मोजायच्या गोष्टी दोन आहेत: कडेपासून खोबणीच्या तळापर्यंतची फट आणि कड खोबणीत किती आत गेली आहे ती खोली. पहिली पाहिली आणि दुसरी विसरली असे होता कामा नये. उत्पादकाच्या पुस्तिकेत या दोहोंची मापे असतील तर तीच अंतिम.

साचा चौकटीवरूनच घ्यावा, याला मात्र माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. काढलेल्या वस्तूला नमुना मानण्याचे परिणाम काय होतात याचे उदाहरण मोठ्या विमानांच्या इतिहासात आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात बीएसी वन-इलेव्हन विमानाची कप्तानासमोरची काच हवेत निघून गेली आणि कप्तान अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले आणि कप्तान वाचले. ती काच आदल्याच दिवशी बदललेली होती. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट ठरलेल्या व्यासापेक्षा बारीक होते, कारण पुस्तिकेतील क्रमांक न पाहता काढलेला जुना बोल्ट हातात धरून नव्याशी नजरेने जुळवला गेला होता, आणि तो जुना बोल्टही मुळात योग्य क्रमांकाचा नव्हता. आपल्या लहान विमानांत केबिनचा दाब वाढवलेला नसतो, त्यामुळे इतका अनर्थ होणार नाही, पण चुकीची वाट तीच आहे. जुने काम बरोबर होते असे गृहीत धरूनच ती सुरू होते.

खुला हँगर

मी एका मित्राबरोबर किटपासून हलके विमान उभे करत आहे. आमच्या विमानात समोरची काच पॉलिकार्बोनेटची आहे आणि तिच्याविषयी इथे कोणी लिहिलेले नाही, म्हणून भर घालतो.

पॉलिकार्बोनेट ॲक्रिलिकसारखे ठिसूळ नसते. ते वाकते, हातोडी सोसते, पत्र्यासारखे कापता येते, आणि कानस यांनी सांगितलेली खबरदारी त्याला फारशी लागत नाही. पण ते लवकर चरे धरते आणि पेट्रोल त्याला मानवत नाही. पंखातल्या टाकीत इंधन भरताना ओघळ काचेवर आला आणि ती जागा ताणात असेल, तर तिथे तडे जातात. म्हणून इंधन भरताना आम्ही काचेवर ओले सुती कापड अंथरतो. प्रसरणाचा हिशेब मात्र दोन्ही प्लॅस्टिकना जवळपास सारखाच लागू पडतो.

कानस साहेब, दोन मुद्द्यांवर आपले मत हवे आहे. बँडसॉ प्रत्येकाकडे नसतो, मग साधा जिगसॉ (हातात धरायची, वर-खाली चालणाऱ्या पात्याची यंत्रकरवत) चालेल का? आणि ज्या खिडक्या स्क्रूने धरलेल्या असतात त्यांची भोके कशी पाडावीत? या दुसऱ्या मुद्द्याची मला खरी धास्ती आहे, कारण आमच्या मागच्या दोन खिडक्या ॲक्रिलिकच्या आहेत आणि त्यांना सगळीकडे स्क्रू आहेत.

कानस

दारणाकाठ साहेबांनी खोबणीतल्या खोलीची जी आठवण करून दिली ती मान्य आहे, मूळ लेखात ती यायला हवी होती. मी स्वतः पुस्तिकेत माप दिलेले नसेल तर मध्यम तापमानाला सर्व बाजूंनी सुमारे १/८ इंच, म्हणजे ३ मिलिमीटरच्या आसपास फट धरतो आणि कड किती आत राहते ते लगेच तपासतो. थंडीत काम करत असलो तर फट थोडी वाढवतो, उन्हाळ्यात किंचित कमी चालते.

जिगसॉविषयी माझे मत प्रतिकूल आहे. त्याचे पाते वर-खाली होताना तावदान उचलते आणि आदळते, आणि ॲक्रिलिकला नेमके तेच सोसत नाही. दुसरा इलाजच नसेल तर बारीक दातांचे पाते, कमी वेग, रेघेच्या दोन्ही बाजूंना खालून फळी, आणि वरून यंत्राचा तळ तावदानावर घट्ट टेकलेला, एवढे तरी पाळावे. वेग जास्त झाला तर भुसा वितळून पात्यामागे पुन्हा चिकटतो आणि पाते अडकते. शक्यतो खोली उबदार असावी. थंड ॲक्रिलिक जास्त ठिसूळ असते, त्यामुळे निफाड-नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत सकाळी सहाला कापायला बसण्यात शहाणपण नाही. दुपारपर्यंत थांबावे, तावदानही तोपर्यंत आतच ठेवावे.

भोकांची धास्ती रास्त आहे, आणि थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वात जास्त खिडक्या तिथेच मरतात. धातूसाठीचे नेहमीचे ड्रिल बिट ॲक्रिलिकमधून पलीकडे निघताना स्वतःला आत ओढून घेते, आणि त्या शेवटच्या क्षणी भोकाच्या कडेतून चांदणीसारखा तडा जातो. प्लॅस्टिकसाठी बिटाचे टोक सुमारे ६० अंशांच्या कोनाचे, बरेच निमुळते, घासलेले असते आणि कापणाऱ्या धारेचा पुढे झुकलेला कोन शून्यावर आणलेला असतो, जेणेकरून ती धार खोदण्याऐवजी खरवडते. असे तयार बिट मिळते. ते नसेल तर पायऱ्यापायऱ्यांचे स्टेप ड्रिल उत्तम चालते आणि तेच भोकाची धारही मोडून देते. तावदानाच्या पाठीमागे लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरावा, ड्रिलवर जोर देऊ नये आणि आधी त्याच शीटच्या कापून उरलेल्या तुकड्यावर हात बसवून घ्यावा.

भोक किती मोठे पाडायचे, हा खरा प्रश्न. एफएएच्या एसी ४३.१३-१बी या पुस्तिकेत म्हटले आहे की बोल्ट किंवा रिवेटसाठीचे भोक व्यासाने १/८ इंच मोठे असावे आणि बोल्ट त्याच्या मध्यावर यावा. स्क्रूच्या मापाचे नेमके भोक पाडले तर पहिल्याच उन्हाळ्यात तावदान प्रत्येक स्क्रूवर रेलून ढकलू लागते. लांब खिडकीत टोकाची भोके लांबट केली तर आणखी चांगले. त्याच पुस्तिकेतील दुसरी सूचनाही तितकीच मोलाची आहे: नट घट्ट होईपर्यंत आवळावा आणि मग एक पूर्ण फेरा मागे घ्यावा. पत्रेकामाची सवय असलेल्या हाताला ही गोष्ट पटत नाही, त्याला सैल स्क्रू म्हणजे अर्धवट काम वाटते. पण इथे स्क्रूचे काम खिडकी जागेवर राखण्याचे आहे, तिला चौकटीशी जखडण्याचे नाही. स्क्रू चुकून आवळला जाऊ नये म्हणून भोकात छोटी नळी किंवा कॉलर घालण्याचा सल्लाही तिथे आहे, आणि तो मी प्रत्येक वेळी पाळतो.

एका विमानाचे उदाहरण सांगतो. बाजूची खिडकी दुसरीकडे कुठेतरी बदलून आली होती. स्क्रू इतके आवळलेले की प्रत्येक डोक्याखाली ॲक्रिलिक दबून पांढुरके झाले होते, आणि उन्हाळा संपेपर्यंत एकाआड एक भोकातून तडे गेले होते. तावदान उत्तम प्रतीचे होते, त्याचा कागदही बरोबर होता. फक्त त्याला हलायला जागा नव्हती.

उड्डाणवही

सर, हे सगळे वाचून आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातले तडे मी पुन्हा नीट पाहिले. ते स्क्रूच्या भोकापासून निघालेले नाहीत. कोपऱ्याजवळ विखुरलेले, अगदी वरवरचे, ठरावीक कोनातून प्रकाश पडला तरच चमकणारे आहेत. हे वेगळे काही आहे का? आणि ते पॉलिश करून घालवता येतात का?

दारणाकाठ

आपण वर्णन करता ते क्रेझिंग आहे. ताण आणि रसायन यांपैकी एकाने किंवा दोघांनी मिळून ते येते. त्या कोपऱ्यात कोणी थिनर, ॲसिटोन, पेट्रोल किंवा घरातल्या काचा पुसण्याचा फवारा वापरला आहे का, याची चौकशी करावी. ही सगळी द्रव्ये ॲक्रिलिकला मारक आहेत आणि त्यांचा परिणाम कधी कधी बराच उशिरा दिसतो, त्यामुळे दोष कुणालाच आठवत नाही. साधे स्वच्छ पाणी, सौम्य साबण आणि उघडा हात, यापेक्षा चांगली सफाई नाही. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग हाताने चाचपत पुसावे, म्हणजे खडा असेल तर बोटाला लागतो. हातात अंगठी असू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात जी बारीक धूळ बसते, ती कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे खिडकीवर पॉलिश पेपर फिरवणेच होय.

वरवरचे चरे मायक्रो-मेशसारख्या संचाने काढता येतात. त्यात १५०० पासून १२००० पर्यंत वाढत्या बारकाईच्या कापडांनी क्रमाने घासायचे असते, एकही पायरी न गाळता. क्रेझिंग मात्र पृष्ठभागाच्या आत उतरलेले असते. ते निघेपर्यंत घासले तर त्या जागी जाडी कमी होऊन खळगा पडतो आणि बाहेरचे दृश्य वेडेवाकडे दिसू लागते. मागच्या खिडकीत ते एक वेळ चालेल, वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत मुळीच नाही. पुस्तिकेतील मर्यादा पाहून अभियंत्यांनी निर्णय घ्यावा.

सातपूरचा कारागीर

एक शंका. खोबणीत भरायला बाजारात मिळणारे साधे सिलिकॉन चालत नाही का? आम्ही माशांच्या टाक्यांपासून फलकांपर्यंत सगळीकडे तेच वापरतो आणि ॲक्रिलिकला त्याने काही झालेले पाहिले नाही.

कानस

ॲक्रिलिकला होणार नाही, पण चौकटीला होईल. ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते आणि ते ॲल्युमिनियमला गंजवते. खोबणीच्या तळाशी, जिथे काही वर्षे कोणाची नजर जाणार नाही, तिथे आम्ल कोंडून ठेवणे परवडणारे नाही. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिला की त्या जागेवर पुढे रंग धरत नाही. विमानाच्या पुस्तिकेत सांगितलेले सीलंटच घ्यावे. सेसनाच्या समोरच्या काचेला कडेने फेल्टची पट्टी आणि तिच्याबरोबर न सुकणारे सीलंट अशी योजना असते, म्हणजे तावदान सरकले तरी सांधा उघडत नाही. सीलंट भरण्याआधी संरक्षक कागद फक्त कडेपुरता, खोबणीत जाईल त्याहून थोडा जास्त, सोलावा. बाकीचा कागद पट्ट्या बसून सांडलेले सीलंट पुसून होईपर्यंत तसाच ठेवावा. पुसायला काय वापरायचे तेही उत्पादकाला विचारूनच, हाताशी थिनरचा डबा आहे म्हणून तो उचलू नये.

समोरची काच बसवताना दोन माणसे लागतात. ती वळणदार असते, तिची खालची कड आधी खोबणीत टेकवून वरची कड हळूहळू आत सरकवावी लागते, आणि अशा वेळी कुठेतरी अडली तर तळहाताने ठोकण्याचा मोह होतो. ठोकू नये. काच बाहेर काढावी, कुठे अडते तिथे खूण करावी, एखादा मिलिमीटर घासावा आणि पुन्हा लावून पाहावी. फेल्ट लावल्यावर जाडी वाढते, म्हणून शेवटची चाचणी फेल्टसह घ्यावी, नाहीतर कोरडी छान बसलेली काच सीलंट लावल्यावर बसत नाही आणि सगळीकडे चिकट पसारा होतो.

खुला हँगर

शेवटचा प्रश्न. काम झाल्यावर गळती तपासायला पावसाची वाट पाहायची का? आमचे काम मार्चमध्ये संपेल आणि नाशिकचा पाऊस जूनआधी येत नाही.

दारणाकाठ

वाट पाहू नये. पुस्तिकेत सांगितला असेल तेवढा वेळ सीलंटला देऊन बागेच्या साध्या नळीने, झोत न मारता, पाणी हळू वाहू द्यावे. जोराचा झोत ताज्या सांध्यात पाणी घुसवतो आणि जे गळत नाही तेही गळते असे वाटते. एक जण आत बसून कोरडा टिश्यू पेपर कडेने टेकवत जाईल, बाहेरचा माणूस खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर सरकेल, म्हणजे ओल कुठून येते ते नेमके कळेल. आत उपकरणांचे फलक आणि रेडिओ झाकलेले असावेत. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून येणारे पाणी थेट त्यांच्या मागे उतरते.

आणि मार्चमध्ये बसवलेली खिडकी मेच्या अखेरीस एकदा उन्हात उभी असताना तपासावी. कडेने बारीक टॉर्च तिरकी धरून प्रत्येक स्क्रूभोवती पाहावे, डोक्याखाली पांढुरका डाग दिसला तर तो स्क्रू सैल करावा, त्याची नोंद विमानाच्या वहीत करावी आणि ती नोंद अभियंत्यांना दाखवावी.